ओल्या धान्यातील विष आणि आंबवणाचे जिवाणू

दासगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यात धान्याचा धंदा करणाऱ्याला हवेतील दमटपणा म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. मृग लागला की मिठाच्या बरणीला पाणी सुटते, आगपेटीची काडी ओढली जात नाही आणि वखारीतील पोत्याला हात लावला तर ते गार व ओलसर लागते. पाऊस आत आला नाही तरी धान्य हवेतून पाणी ओढून घेते. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर घाटावरून कोरडा आलेला गहू वा तांदूळसुद्धा काही आठवड्यांत १५ टक्क्यांच्या वर ओलावा धरतो. वरंधा आणि आंबेनळी या दोन्ही घाटांतून गहू, ज्वारी, मका व शेंगदाणे खाली उतरतात. ते तिथे ठणठणीत असतात आणि आपल्याकडे येऊन बिघडतात, त्याचे कारण हेच होय.

त्यातून पूर आला तर विचारायलाच नको. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळून माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी पुराचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. पाणी ओसरल्यावर दुकान उघडले की खालच्या थराची पोती भिजलेली, मधली दमट आणि वरची कोरडी अशी निघतात. खालची फेकून द्यावी लागतात, त्याबद्दल वाद नाही. अडचण असते ती मधल्या पोत्यांची. उन्हात पसरून, पाखडून, चांगल्या मालात थोडी थोडी मिसळून ती खपवावीत काय? कोंबडीखाद्यवाल्याला द्यावीत काय? अलीकडे आणखी एक गोष्ट कानांवर येते. बुरशीच्या विषावर काही जिवाणू चालतात, असे वर्तमानपत्रांतून छापून येते. मग असे धान्य दळून, आंबवून वापरले तर चालणार नाही काय?

प्रश्न गैर नाही. या जिवाणूंवर जगभर खरोखरच काम झालेले आहे व ते आपल्या बेकरीवाल्यांच्या उपयोगाचेही आहे. मात्र त्या कामातून नेमके काय निघाले हे समजून घेतले नाही तर फायद्याऐवजी अंगाशी येण्याचा संभव अधिक.

विष कोठून येते?

धान्यावर दिसणारी हिरवट-पिवळी बुरशी बहुधा ॲस्परजिलस जातीची असते. तिच्यातील फ्लेव्हस नावाचा प्रकार अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतो. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी पटापट मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि त्या पेंडीत हे विष सापडले. तेव्हापासून शास्त्रज्ञ याच्या मागे लागले.

आपल्या देशात याचा भयंकर अनुभव १९७४ च्या अखेरीस आला. गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या शेजारच्या जिल्ह्यांत मक्याच्या पिकावर अवकाळी पाऊस पडला. गरीब आदिवासी कुटुंबांजवळ दुसरे धान्य नव्हते. त्यांनी तोच मका खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले. नोंद झालेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. घरातली कुत्रीही तेच अन्न खाऊन मेली. २००४ मध्ये केनियात असाच प्रकार घडला व ३१७ रोग्यांपैकी १२५ जण मृत्युमुखी पडले. तिथेही मकाच होता आणि तोही ओला साठवलेला.

मका आपण कोठे खातो, असे कोणी म्हणेल. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील २७ खेड्यांत पावसात भिजलेल्या ज्वारी व मक्याच्या भाकरी खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले. ते विष निराळे, फ्युमोनिसिन नावाचे, आणि ते करणारी बुरशीही निराळी. परंतु कारण तेच, काढणीच्या वेळचा पाऊस.

असे एकदम मरण क्वचित येते. नेहमीचे नुकसान हळूहळू होते. थोडे थोडे अफ्लाटॉक्सिन वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होतो, हे आता निर्विवाद मानले जाते. ज्याच्या रक्तात हिपॅटायटिस-बी आहे त्याला हा धोका कित्येक पटींनी जास्त असतो.

आणखी एक गोष्ट दुकानदार व गृहिणी या दोघांनीही लक्षात ठेवावी अशी आहे. भट्टीत बुरशी मरते, विष मरत नाही. अफ्लाटॉक्सिन मोडायला अडीचशे अंशांच्या वर उष्णता लागते. भट्टी कितीही तापलेली असो, पावाच्या आतल्या गाभ्याचे तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते. पिठात जे आहे ते बहुतांशी पावात उतरते.

तीन किलोंचा हिशेब

भारतातील अन्न सुरक्षा प्राधिकरणाने धान्य व धान्याच्या पदार्थांसाठी अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. युरोपात थेट खाण्याच्या धान्यासाठी ती अवघी ४ आहे. १५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? ५० किलोंची वीस पोती, म्हणजे एक टन धान्य घ्या. त्या टनभरात १५ मिलिग्रॅम विष असले की मर्यादा भरली. तांदळाचा एक दाणाही याहून जड असतो. डोळ्यांनी पाहून, वास घेऊन वा चव घेऊन हे कळण्यासारखे नाही. बुरशी पाखडून, घासून, धुऊन गेली तरी विष दाण्यात राहू शकते.

आता उलट बाजूने पाहू. १२ टक्के ओलाव्याच्या ५० किलोंच्या पोत्यात ४४ किलो सुका ऐवज असतो. तेच पोते दमट हवेत १७ टक्क्यांपर्यंत गेले की त्याचे वजन ५३ किलो भरते. पोत्यामागे तीन किलो पाणी धान्याच्या भावाने विकले जाते. शंभर पोत्यांमागे तीनशे किलो होतात. वाळवायला घेतले तर हे तीनशे किलो आपल्या खात्यातून जातात, शिवाय हमाली व जागेचा खर्च वेगळा. दमट माल लवकर न वाळवण्यामागे आळसापेक्षा हा हिशेब पुष्कळदा असतो, हे धंद्यातील माणसाने प्रामाणिकपणे कबूल करावे. आणि बुरशीला नेमका हाच १६-१७ टक्के ओलावा व तिशीचे तापमान मानवते.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, ही हदीस आपल्या वाचकांना ठाऊक आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा सवाल त्याला झाला. पावसात माल भिजणे हा त्या माणसाचा गुन्हा ठरला नाही. तो ओला माल कोरड्याखाली झाकला, हा ठरला. मधल्या थरातील पोत्यांचा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वीच्या बाजारातही होता तर.

जिवाणू दोन कामे करतात

दही, इडलीचे पीठ, आंबोळी, नाचणीची आंबील, खमिरी रोटी या सर्वांत आंबटपणा आणणारे जिवाणू एकाच मोठ्या कुळातले आहेत. त्यांना लॅक्टिक आम्ल जिवाणू म्हणतात. इडलीचे पीठ फुगते तेही मुख्यतः ल्युकोनोस्टॉक या त्यांच्यातल्याच एका जिवाणूमुळे, यीस्टमुळे नव्हे. आपल्या कोकणी मुसलमान घरांत सांदण फुगवायला आता बहुतेक यीस्टची पुडी वापरतात, ती गोष्ट वेगळी. यीस्ट पीठ फुगवते पण फारसे आंबट करीत नाही. या लेखात ज्यांच्याविषयी बोलायचे ते आंबट करणारे जिवाणू होत.

त्यांचे पहिले काम म्हणजे बुरशीला वाढू न देणे. लॅक्टिक आम्लाबरोबर ते ॲसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्यातील आम्ल, आणि फिनाइल-लॅक्टिक आम्लासारखी इतर द्रव्येही सोडतात. इटलीतील बारी येथील संशोधकांनी २००० साली यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी आंबवणातून लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारमचा एक विशिष्ट वाण निवडला, त्याच्यासह पाव केला आणि त्यावर मुद्दाम काळी बुरशी सोडली. नेहमीच्या पावावर बुरशी दोन दिवसांत दिसू लागली. या पावावर ती दिसायला सात दिवस लागले. आपल्याकडे आषाढ-श्रावणात लादी पाव तिसऱ्या दिवशी परत येतो, त्या बेकरीवाल्याला या पाच दिवसांचे मोल सांगायला नको.

दुसरे काम विषाशी संबंधित आहे. या जिवाणूंच्या भोवती जी भिंत असते तिला अफ्लाटॉक्सिन चिकटते. फिनलंडमधील कुओपिओ विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचे दोन वाण द्रावणातील सुमारे ८० टक्के अफ्लाटॉक्सिन बी-१ जवळजवळ तत्काळ पकडून ठेवतात. गंमत अशी की जिवाणू उष्णतेने मारले तरी त्यांची भिंत हे काम करीतच राहते. म्हणजे भट्टीत गेल्यावरही ते अगदीच निकामी होत नाहीत.

माणसांवरही चाचणी झाली. दक्षिण चीनमधील ग्वांगझू भागात अन्नात हे विष नेहमी असते. तेथील ९० निरोगी तरुणांना दोन गटांत विभागून एका गटाला अशा जिवाणूंच्या गोळ्या पाच आठवडे दिल्या व दुसऱ्याला नुसत्याच गोळ्या दिल्या. लघवीतून जाणारी, अफ्लाटॉक्सिनमुळे झालेल्या इजेची खूण पहिल्या गटात तिसऱ्या आठवड्यात ३६ टक्क्यांनी व पाचव्या आठवड्यात ५५ टक्क्यांनी कमी आढळली. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोग कमी झाला असे यातून सिद्ध होत नाही, पाच आठवड्यांत ते होणारही नाही. पण विष आतड्यात अडकून बाहेर पडले, रक्तात कमी गेले, एवढे दिसले.

त्या गोळ्यांत दुसरा जिवाणू प्रोपिऑनीबॅक्टेरियम हा होता. याच घराण्यातील जिवाणू जे प्रोपिऑनिक आम्ल बनवतात, त्याचे क्षार स्लाइस ब्रेडमध्ये बुरशी रोखण्यासाठी टाकतात. कॅल्शियम प्रोपिऑनेटची पुडी बेकरी मालाच्या दुकानातून आणताना आपण जिवाणूंचेच हत्यार विकत आणतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग सडका माल आंबवावा काय?

याचे उत्तर नाही असेच द्यावे लागते. एक तर ८० टक्के हा आकडा प्रयोगशाळेतील स्वच्छ द्रावणातला आहे. पिठात स्टार्च, प्रथिने व तेल असते, तिथे पकड कमी पडते आणि ती प्रत्येक वाणाची निराळी असते. दुसरे असे की ही पकड कायमची नाही. विष मोडत नाही, चिकटते, आणि त्यातील काही भाग धुतला गेला की पुन्हा सुटतो. तिसरा मुद्दा साध्या गणिताचा आहे. किलोला १०० मायक्रोग्रॅम विष असलेल्या पिठातून अगदी ८० टक्के पकडले गेले असे मानले तरी २० उरते, आणि मर्यादा १५ ची आहे. पुरात दमट झालेल्या पोत्यात १०० च आहे की ५०० आहे, हे चाचणीवाचून कोण सांगणार? पंचमहालच्या मक्यात ते किलोला हजारो मायक्रोग्रॅम निघाले होते.

शिवाय आंबवणातले सगळेच जिवाणू सज्जन नसतात. ऑक्टोबर २०२० मध्ये चीनच्या हेलाँगजियांग प्रांतात एका घरात आंबवलेल्या मक्याच्या पिठाच्या शेवया सकाळच्या नाश्त्याला खाल्ल्या. ते पीठ जवळपास वर्षभर शीतपेटीत पडून होते. त्यात बर्कहोल्डेरिया नावाच्या जिवाणूने बोंग्क्रेक आम्ल हे विष केले होते. ते उकळूनही जात नाही. नऊ माणसे गेली. बिघडलेल्या, वासाच्या पिठात आपोआप जे काही उगवेल ते उपयुक्त असेलच असे गृहीत धरणे म्हणजे अंधारात हात घालणे होय.

तेव्हा या जिवाणूंची जागा चांगल्या पिठात आहे. तिथे ते बुरशी नव्याने चढू देत नाहीत आणि चाचणीत बसणाऱ्या मालात जे थोडेफार विष असतेच, त्यातील काही भाग अडवतात.

कोंबड्या, गुरे आणि पेंड

मधली पोती कोंबडीखाद्यात घालण्याचा मोह सर्वांत जास्त. पण टर्कींचे उदाहरण वर आलेच आहे. कोंबडीच्या पिलाचे यकृत पिवळे पडून सुजते, वाढ खुंटते, अंडी घटतात आणि नुकसान पोल्ट्रीवाल्याच्या माथी बसते. खाद्यात बेंटोनाइट मातीचा टॉक्सिन बाइंडर मिसळतात. तो अफ्लाटॉक्सिनला बऱ्यापैकी धरतो, इतर बुरशीविषांना फारसा धरीत नाही. ही उणीव भरायला ऑस्ट्रियातील एका कंपनीने गायीच्या पोटातील रसातून एक जिवाणू वेगळा काढला. गहू-मक्यातील फ्युजेरियम बुरशीचे डॉन हे विष तो नुसते पकडत नाही, त्याची रचनाच मोडतो. युरोपीय संघाने २०१३ मध्ये डुकरांच्या खाद्यासाठी त्याला परवानगी दिली, पुढे कोंबड्यांसाठीही. जिवाणू विष खातात असे जे ऐकू येते, ते खऱ्या अर्थाने लागू पडते ते अशा ठिकाणी. अफ्लाटॉक्सिनवर मात्र या जिवाणूचा उपयोग नाही.

दुभत्या जनावराला बुरशीची पेंड घातली की विष रूप बदलून दुधात उतरते. प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होते. दुधात पाणी मिसळण्याची चर्चा गावोगाव होते, पेंडीच्या पोत्याची कोणी करीत नाही.

वखारीत व भट्टीवर

वखारीसाठी नवे असे काही नाही, जुनेच काटेकोरपणे करावे लागते. साठवणुकीला तांदूळ व भात १४ टक्के, मका १३, गहू १२ आणि शेंगदाणे ७-८ टक्के ओलाव्यापर्यंत चालतात. दाताखाली दाणा कटकन फुटतो की दबतो हा जुन्या व्यापाऱ्यांचा अंदाज चांगला असतो, पण दोन टक्क्यांचा फरक दाताला कळत नाही. हातात धरायचे ओलावामापक यंत्र घेतलेच पाहिजे, चार दुकानदारांनी मिळून घेतले तरी चालेल. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट दूर रचावीत. पावसाळ्यात हवा खेळती राहावी म्हणून दारे उघडी टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. ती इथे उलटी पडते, कारण बाहेरची हवाच ओली. दारे उघडायची ती ऊन पडलेल्या दुपारी. एरवी बंद ठेवावे. थोड्या मालासाठी तीन पदरी हवाबंद पिशव्या उत्तम. शेंगदाण्यात विष मूठभर सुरकुतलेल्या, काळपट दाण्यांतच साठलेले असते, म्हणून बायका बसून दाणे निवडतात त्या कामाचा मोठा उपयोग होतो. निवडून काढलेले दाणे मात्र तेलाच्या घाण्याला देऊ नयेत. पुढे त्याची पेंड होते.

बेकरीवाल्यांनी आंबवण स्वतः करून पाहण्यासारखे आहे. चांगला, ताजा गव्हाचा आटा व पाणी सारख्या वजनाने चिनी मातीच्या बरणीत कालवून फडके बांधून ठेवावे. दररोज अर्धे काढून टाकून तितकाच नवा आटा व पाणी घालावे. आपल्या हवेत सात ते दहा दिवसांत त्याला दह्यासारखा स्वच्छ आंबट वास येतो. आम्लता पाहण्याचा कागद औषधांच्या वा रसायनांच्या दुकानात मिळतो. त्यावर आकडा ४ च्या आसपास आला म्हणजे आंबवण तयार झाले. गुलाबी वा नारिंगी छटा, लव किंवा कुजका वास आला तर सगळे टाकून बरणी उकळत्या पाण्याने धुवावी, वरचे काढून खालचे वापरू नये. तयार पुडी विकत घेतल्यास तिच्यावर जिवाणूचे नाव व वाणाचा क्रमांक आहे की नाही पाहावे. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी या कुळाची नावे बदलली. जुन्या पुडीवरचा लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारम नव्या पुडीवर लॅक्टिप्लॅन्टिबॅसिलस प्लॅन्टारम झाला आहे. जिवाणू तोच.

पिठाच्या दहाव्या हिश्शाइतके आंबवण घालून सुरुवात करावी व यीस्ट थोडे कमी करावे. आपले गिऱ्हाईक मऊ, किंचित गोड लादी पाव मागते. एकदम जास्त आंबवण घातले तर पाव आंबट लागतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या बेकरीत जाते. कडक पावात पाचवा हिस्साही खपून जातो. मात्र भट्टीतून निघालेल्या पावावर एकही जिवंत बुरशी नसते. ती नंतर हवेतून, फडक्यावरून, सुरीवरून येते. गरम पाव पिशवीत भरला की आत घाम धरतो आणि आठ दिवसांची आंबवणाची मेहनत एका रात्रीत वाया जाते. पाव पूर्ण निवू द्यावा, फळ्या व सुऱ्या सिरका लावून पुसाव्यात, परत आलेला शिळा माल ताज्या मालाच्या खोलीत आणूच नये.

ईदला किंवा पुरात भट्टी चार-आठ दिवस बंद राहिली तर आंबवणाला रोज खाऊ घालणे जमत नाही. त्यासाठी थोडे आंबवण प्लॅस्टिकच्या कागदावर पातळ पसरून पंख्याखाली वाळवावे, खडखडीत झाले की चुरून कोरड्या बाटलीत बूच घट्ट लावून उंच फळीवर ठेवावे. भट्टी पुन्हा पेटवायच्या आधी दोन-तीन दिवस त्यातील चमचाभर चुरा आट्या-पाण्यात कालवून रोज ताजा आटा घालीत गेले की ते पुन्हा जिवंत होते.